खीर, फोटोप्लेट आणि काचेचा धागा

माटुंग्यात व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज आणि गुरू नानक खालसा कॉलेज एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पहिली संस्था 1887 मध्ये भायखळ्यात सुरू झाली आणि पुढे इथे आली, दुसरी 1937 सालची. त्यामुळे शीख धर्मातली स्त्री-पुरुष समता, इंजिनिअरिंग आणि क्वांटम भौतिकी हे विषय एकाच माणसाच्या अभ्यासात दिसले, तर निदान मुंबईकराने तरी भुवया उंचावू नयेत.

असा एक माणूस होऊनही गेला. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या बारीक तंतूंच्या (ऑप्टिकल फायबरच्या) जुडग्यातून प्रतिमा पलीकडे पोहोचवली. तो शोधनिबंध 1954 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. 2009 चं नोबेल मात्र याच क्षेत्रातल्या चार्ल्स काओ यांना मिळालं. कपानींनी 1967 मध्ये कॅलिफोर्नियात शीख फाउंडेशन काढलं आणि सांता बार्बराच्या विद्यापीठात शीख अध्ययनाचं अध्यासन सुरू झालं ते त्यांच्या आईच्या, कुंदन कौर यांच्या नावाने.

समतेची गोष्ट अर्थात बरीच जुनी. ज्या स्त्रीच्या पोटी राजे जन्मतात तिला हीन का म्हणायचं, हा गुरू नानकांचा सवाल ‘आसा दी वार’ या त्यांच्या रचनेत आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी सती आणि पडदा दोन्ही नाकारले. त्याआधी दुसऱ्या गुरूंच्या काळात लंगर सांभाळला तो माता खीवी यांनी, आणि त्यांच्या हातच्या तुपाळ खिरीचा उल्लेख थेट गुरू ग्रंथसाहिबात आहे. ज्या ग्रंथात आपल्या नामदेवांची पदं आहेत, त्याच ग्रंथात. 1705 मध्ये मुक्तसरच्या लढाईत उतरलेल्या माई भागो पुढे गुरू गोविंदसिंगांबरोबर दक्षिणेत आल्या. नांदेडच्या हुजूर साहिबच्या आवारात त्यांच्या नावाचा बुंगा, म्हणजे निवासाची वास्तू, आहे.

इथवर सगळं छान. पण खीर रांधणं आणि तलवार धरणं याला कुणाची हरकत नव्हती, खरी ओढाताण झाली ती व्यवस्थापनात आणि कीर्तनात. 1925 च्या गुरुद्वारा कायद्याने स्त्रियांना मताचा हक्क दिला, तरी गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी समितीला पहिली महिला अध्यक्ष, बीबी जागीर कौर, मिळायला 1999 उजाडलं. आणि सुवर्णमंदिराच्या दरबारात बायकांना कीर्तन करू द्यावं, असा ठराव पंजाब विधानसभेला 2019 मध्ये करावा लागला! धर्मग्रंथ बाजूने असूनही ही गत.

विज्ञानाकडे कुठलाही ग्रंथ आड येणारा नव्हता, तरी चित्र फार वेगळं नाही. भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंगला देबेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर फोटोप्लेटवर अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांच्या खुणा टिपल्या. दुसऱ्या महायुद्धामुळे चांगल्या प्लेटा मिळेनात, काम अडलं. पुढे याच पद्धतीने, सुधारित प्लेटा वापरून, सेसिल पॉवेल यांनी 1950 चं नोबेल मिळवलं. बिभा 1949 मध्ये मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. होमी भाभांच्या या संस्थेतल्या त्या पहिल्या महिला संशोधक. आज किती मुंबईकरांना हे नाव ठाऊक आहे?

आता क्वांटमचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या नियमांवर चालणाऱ्या तंत्रज्ञानाचा, जोर आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने 6003.65 कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यातल्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचं केंद्र पवईत, आयआयटी मुंबईकडे आलं. फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या आधारे संदेश उलगडण्याची गुप्त किल्ली पाठवायची म्हटलं की काम पुन्हा त्याच काचेच्या तंतूवर येतं, पण संवादाचं केंद्र आयआयटी मद्रासकडे गेलं. आणि हे काम ज्यांच्याकडे आलं, त्या आयआयटींत मुलींचं प्रमाण 2017 पर्यंत दहा टक्क्यांच्याही खाली होतं. 2018 पासून मुलींसाठी जादा जागा ठेवल्या आणि दोन वर्षांत 20 टक्क्यांचं लक्ष्य ठरलं. या जागा मुलांच्या जागा कापून दिलेल्या नाहीत, वाढवून दिलेल्या आहेत. हे मात्र दर प्रवेशाच्या मोसमात नव्याने समजावून सांगावं लागतं.