२० लिटर बिअरला २० लिटरचं भांडं पुरत नाही

दुकानात येणारे बहुतेक नवे ब्रुअर, म्हणजे घरी बिअर बनवणारे, हेच सांगतात, २० लिटरची बॅच करायचीय तर २० लिटरची केटल (उकळायचं भांडं) द्या, आणि आम्ही नको म्हटलं की त्यांना वाटतं मोठं भांडं गळ्यात मारतायत. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

तासभर उकळलं की साधारण ३ ते ४ लिटर पाणी वाफ होऊन जातं, तोंड रुंद असेल तर अजून जास्त, शिवाय तळाशी हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि प्रथिनांचा गाळ राहतो, म्हणजे फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) २० लिटर पडायला हवं असेल तर सुरुवातीला २५-२६ लिटर वर्ट, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवून काढलेलं गोड पाणी, लागतंच. तापल्यावर तेच ४ टक्के फुगतं, तो एक लिटर अजून धरा. आणि मग फेस. उकळी फुटायच्या जरा आधी तपकिरी फेसाचा जाड थर कडेकडेने वर चढायला लागतो, तुम्ही हॉप्सचं पाकीट कात्रीने कापेपर्यंत तो काठाला आलेला असतो, आणि एकदा बर्नरवर सांडला की साखर जळून चिकटते, ज्योत विझते, सगळी संध्याकाळ घासण्यात जाते. हॉप्स टाकले की परत उसळतो. त्यामुळे ३५ लिटरच्या आसपासचं घ्या. ३० मध्ये होतं, पण फेस बसेपर्यंत नजर हलवायची नाही. पिशवीत माल्ट घालून सगळं एकाच भांड्यात करणार असाल तर सरळ ४० घ्या, कारण पाणी सगळं एकदम भरावं लागतं आणि ५ किलो माल्ट वरून तीन-साडेतीन लिटर जागा खातं.

झाकण ठेवून उकळलं तर वाफ वाचेल ना, असंही विचारतात. तसं करू नका, पिल्सनर माल्ट (फिकट रंगाचं) असेल तर उकडलेल्या मक्यासारखा वास बिअरमध्येच राहतो, तो वाफेबरोबर जायला हवा.

बजेट कमी असेल तर आमचं मत स्पष्ट आहे, पातळ स्टीलपेक्षा जाड ॲल्युमिनियम बरं. उष्णता सगळीकडे सारखी पसरते, तळाला करपत नाही. नवीन आणलं की आधी नुसतं पाणी भरून अर्धा तास उकळा, आतून मळकट राखाडी थर येतो तो घासून काढू नका, तोच धातूला सांभाळतो. धुवायला कॉस्टिक सोडा मात्र कधीच वापरू नका, भांडं खातं. इंडक्शनवाल्यांना ॲल्युमिनियम चालणार नाही, त्यांनी स्टील घ्यावं आणि तळाला चुंबक चिकटतो का ते बघून घ्यावं, जाड तळाचं आमच्याकडे आहे, महाग आहे पण वर्षानुवर्षं टिकतं.

भांड्याआधी शेगडी बघा. २५ लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला निदान २.३ युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॉटच्या शेगडीवर जराही उष्णता वाया गेली नाही तरी सव्वा तासाच्या आसपास, आणि वाया तर जातेच.

आता भांड्याला खाली भोक पाडून बसवायच्या नळाचं. भरलेलं भांडं ३० किलोच्या घरात जातं, उकळतं असताना ते कुणीही उचलू नये, म्हणून नळ चांगलाच. पण भोक पाडलेलं भांडं आम्ही परत घेत नाही, यावरून लोक नाराज होतात. छोटं पडलं म्हणून भोकासकट परत आलेली भांडी आमच्याकडे पडून आहेत, ती दुसऱ्या कुणाला नवी म्हणून कशी देणार? म्हणून आम्हीच सांगतो, पहिल्या एक-दोन बॅचेस नळाशिवाय करा, वर्ट गार झाल्यावर सायफनने (नळीने) काढा, माप जमतंय असं वाटलं की भांडं घेऊन या. आम्ही ड्रिल करून सिलिकॉन वॉशरसकट नळ बसवतो आणि रात्रभर पाणी भरून ठेवतो, सकाळी खालचा कागद कोरडा असेल तरच देतो.

येताना शेगडीची रुंदी मोजून आणा.