टँकरची खेप ते मजुरांची हजेरी: ठिकाण कळण्याच्या तंत्रांची पार्श्वभूमी

उन्हाळा लागला की मराठवाड्यात टँकरच्या खेपांचा वाद ठरलेला. नोंदवहीत तीन खेपा, आणि गावातल्या बाया म्हणणार, एकच आली. त्यातूनच टँकरला जीपीएस सक्तीचं झालं आणि बिल त्याच्या नोंदीशी बांधलं गेलं. आता तोच शब्द फास्टॅगला, जनावरांच्या बिल्ल्याला, किल्लीला लावायच्या ब्लूटूथ चकतीलाही सर्रास वापरला जातो. या प्रत्येकाचं घराणं मात्र वेगळं आहे.

माग काढणं आपल्याकडे जुनंच. दख्खनच्या गावगाड्यात चोरी झाली की जागल्या, म्हणजे गावचा राखणदार, पावलांचा माग शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावच्या जागल्याला दाखवायचा. त्याने तो मान्य केला की याची सुटका. माग जिथे हरवेल तिथल्या लोकांवर भरपाईचा बोजा यायचा. पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखावरच्या 1819 च्या अहवालात एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने ही पद्धत नोंदवून ठेवली आहे.

जीपीएसचा उगम आकाशातला. ऑक्टोबर 1957 मध्ये रशियाचा स्पुटनिक वर गेला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख हे दोघे त्याची टिकटिक ऐकत बसले. जवळ येताना आणि लांब जाताना तिचा सूर बदलत होता. त्या बदलावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल का? नौदलाला पाणबुड्यांसाठी नेमकं हेच हवं होतं. त्यातून उपग्रहांवरून ठिकाण काढणारी ट्रान्झिट ही यंत्रणा उभी राहिली आणि 1978 मध्ये जीपीएसचा पहिला उपग्रह गेला. 1983 मध्ये वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान रशियाने पाडलं, 269 माणसं गेली. त्यानंतर ही सेवा सर्वांसाठी खुली करण्याची घोषणा झाली. तरी नागरी संकेतात मुद्दाम चूक ठेवली जायची, सुमारे शंभर मीटरची. ती मे 2000 मध्ये काढली. तेवढ्या चुकीत टँकर विहिरीवर उभा आहे की पलीकडच्या ढाब्यावर, हेही कळलं नसतं.

पण उपग्रहाला टँकरची काहीच खबर नसते. टँकरमधलं यंत्र किमान चार उपग्रहांचे संकेत नुसतं ऐकतं, स्वतःची जागा काढतं आणि सिमकार्डावरून कार्यालयाला कळवतं. ऐकायला रेंज लागत नाही, कळवायला लागते. म्हणून बालाघाटाच्या डोंगरात टँकर पडद्यावरून गायब होतो आणि रेंज आली की साठवलेल्या नोंदी एकदम येऊन पडतात. हे न समजल्याने पुष्कळ भांडणं होतात. टाकी किती भरली होती, हे तर या नोंदीत कुठेच नसतं. त्याला वेगळं मीटर लागतं, आणि वादाचं मूळ निम्मं तिथेच असतं.

फास्टॅगची जात निराळी. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे ओळखायची जी धडपड झाली, तिथून ही आरएफआयडीची, म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख पटवण्याची, वाट निघते. बिल्ल्यात बॅटरी नाही. नाक्यावरच्या लहरींवर तो क्षणभर जागा होतो आणि आपला नंबर परत फेकतो. फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलवर तो सक्तीचा आहे. हा खरा शिवेवरचा जागल्या: गाडी इथून गेली एवढंच सांगणार, दोन नाक्यांच्या मधलं त्याला विचारू नये.

जनावरांच्या कानातला पिवळा बिल्ला तर त्याहून साधा. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल पाहताना कुणी विचारतं, चोरीला गेला तर मोबाइलवर दिसेल ना? नाही दिसणार. ते प्लास्टिक आहे आणि त्यावर बारा आकडी नंबर. लसीकरणाची, मालकीची नोंद त्या नंबरावर होते, बस्स.

वाळूजच्या कारखान्यात पत्र्याखाली जीपीएस आंधळा होतो, तिथे ब्लूटूथ किंवा अल्ट्रा वाइडबँड ही जवळच्या अंतरावरची रेडिओ तंत्रं चालतात. पहिल्याचा अंदाज काही मीटरचा, दुसऱ्याचा वितीभराचा, आणि किंमतही त्याच बेताने. मोबाइलच्या टॉवरवरून काढलेलं ठिकाण शहरात बऱ्यापैकी जुळतं. टॉवर लांब लांब असलेल्या शिवारात ते काही किलोमीटरनी चुकू शकतं.

वस्तूंवरून हे माणसांवर आलं. 1972 च्या दुष्काळात ज्या रोजगार हमीने मराठवाडा तगला, तिचीच केंद्रीय आवृत्ती म्हणून मनरेगा ही ग्रामीण रोजगाराची योजना आली. तिच्या सार्वजनिक कामांवर 1 जानेवारी 2023 पासून ॲपवरची हजेरी सक्तीची झाली: दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, ठिकाणासकट. खोटे मस्टर होते, हे नाकारायचं कारण नाही. पण रेंज नसली की फोटो अडकायचा आणि राबलेल्याची हजेरी बुडायचा धोका असायचा. टँकरच्या साठवलेल्या नोंदीला जी सवलत मिळते, ती इथे माणसाला मिळायला भांडावं लागायचं. शिवाय ही मजुरी ठरायची ती खोदलेल्या मातीच्या मापावर, आणि ते माप अभियंत्याच्या मोजमाप पुस्तिकेत लिहिलं जायचं.