टेनिसपटूचा दम: पळण्याचा आणि थांबण्याचा इतिहास

कोल्हापुरात पोरगं कुठल्याही खेळाचं असो, त्याला आधी पळायला लावतात. तालमीतला मल्ल पळतो, पेठेच्या संघातला फुटबॉलवाला पळतो, भरतीची तयारी करणारी गावाकडची पोरं तर अंधारातच रस्त्यावर उतरतात. टेनिसही यातून सुटलेलं नाही. 2022 मध्ये कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळली. त्यानंतर शहरातले बरेच पालक या खेळाकडे गांभीर्याने बघू लागले आणि मुलांच्या वेळापत्रकात पहाटेची रंकाळा तलावाभोवतीची फेरी आली. मात्र ज्या खेळात एक पॉइंट बहुतेक वेळा दहा सेकंदांच्या आत संपतो, त्यासाठी चार-पाच किलोमीटर एका लयीत पळून नेमकं काय मिळतं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. टेनिसच्या जगात मात्र त्यावर शंभर वर्षं खल चालू आहे.

सुरुवातीच्या काळात दमाला फार भाव नव्हता. विम्बल्डन 1877 मध्ये सुरू झालं. लवकरच तिथे अशी पद्धत पडली की गतविजेत्याने थेट शेवटचा एकच सामना खेळायचा. बाकीचे आठवडाभर घाम गाळून त्याच्यापर्यंत पोहोचायचे आणि हा ताजातवाना उभा असायचा. ही सवलत 1922 मध्ये बंद झाली. शिवाय चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा 1974 पर्यंत गवतावर होत्या. गवतावर चेंडू खाली राहतो आणि सर्व्ह करून नेटकडे धावणाऱ्याचं फावतं, त्यामुळे पॉइंट झटपट संपतात. आपले रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले ते हाताच्या नजाकतीवर. त्यांच्या खेळाबद्दल बोलताना पायांचा उल्लेख क्वचितच होतो.

दमाची शिस्त या खेळात रुजवली ती ऑस्ट्रेलियाच्या हॅरी हॉपमन यांनी. त्यांच्या कप्तानीखाली ऑस्ट्रेलियाने डेव्हिस कप, म्हणजे देशांच्या संघांची टेनिस स्पर्धा, 16 वेळा जिंकला. सेजमन, होड, रोझवॉल, लेव्हर, इमर्सन अशी एकाहून एक माणसं त्यांच्या हाताखाली होती. रस्त्यावर पळणं, जिममधला व्यायाम, कोर्टवर न थांबता चेंडू मारत राहणं, उशिरा आलात तर दंड असा सगळा कारभार होता. कोल्हापूरकराला तो लगेच ओळखीचा वाटेल, कारण तो तालमीचाच कारभार आहे. हॉपमन यांच्याकडे त्यामागचं शास्त्र होतं असं मला वाटत नाही. पाचव्या सेटमध्ये समोरचा धापा टाकतो आणि आपला टाकत नाही, एवढं त्यांना दिसत होतं. त्या काळी तेवढं पुरेसं होतं.

कारण तेव्हा दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालायचा, तो कधी संपेल याचा भरवसा नसे. 1969 मध्ये विम्बल्डनला पांचो गोन्झालेस आणि चार्ली पासारेल यांचा सामना 112 गेम चालला. पहिला सेटच 22-24 असा होता. दोन दिवसांत मिळून पाच तास बारा मिनिटं खेळून 41 वर्षांचा गोन्झालेस जिंकला. पुढच्याच वर्षी अमेरिकन ओपनने टायब्रेक आणला, म्हणजे गेम बरोबरीत अडकले की थोड्या पॉइंटांत सेटचा निकाल लावायची सोय, 1971 मध्ये विम्बल्डननेही तो घेतला. विम्बल्डनला बाजू बदलताना बसायला खुर्ची मिळाली ती तर 1975 मध्ये. तोपर्यंत घाम पुसायचा तो उभ्यानेच.

शास्त्राची वाट वेगळी होती. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, याला मर्यादा असते हे ब्रिटनच्या ए. व्ही. हिल यांनी 1920 च्या दशकात माणसांना मैदानात पळवून दाखवून दिलं. आज सगळीकडे ऐकू येणारं व्हीओटू मॅक्स ते हेच. चांगल्या मॅरेथॉनपटूमध्ये ते दर किलो वजनामागे मिनिटाला 70 ते 85 मिलिलिटर असतं. अव्वल पुरुष टेनिसपटू साधारण 50 ते 60 च्या आसपास असतात. म्हणजे सामान्य माणसापेक्षा बरेच वर, पण लांब पल्ल्याच्या धावपटूच्या जवळपासही नाहीत. निव्वळ आकडा बघितला तर टेनिसला दम मध्यमच लागतो असं वाटेल.

खरी गोष्ट विश्रांतीत दडली होती. 1960 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की काही सेकंद जोरात पळून थोडं थांबलं, पुन्हा पळून थांबलं, तर एरवी काही मिनिटांत माणूस बसेल अशा वेगानेही तो बराच वेळ तग धरतो. पुढे स्नायूंतल्या रसायनांचा हिशोब लागला. झटक्याच्या हालचालीला, म्हणजे सर्व्हला, कोपऱ्यातल्या धावेला, स्मॅशला जी ऊर्जा लागते ती स्नायूतल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते. हा साठा गच्चीवरच्या टाकीसारखा असतो. उघडला की धो धो येतो आणि काही सेकंदांत तळ दिसतो. तो पुन्हा भरायला लागतो ऑक्सिजन. 1970 च्या दशकात मांडीचा रक्तपुरवठा पट्ट्याने रोखून प्रयोग झाले. रक्त थांबलं की साठा भरायचाच थांबला. रक्त सुरू असेल तर अर्धा साठा साधारण अर्ध्या मिनिटात परत येतो.

टेनिसमध्ये दोन पॉइंटच्या मध्ये आज 25 सेकंद मिळतात. 2018 मध्ये अमेरिकन ओपनने मुख्य स्पर्धेत त्यासाठी कोर्टवर घड्याळच लावलं. बाजू बदलताना 90 सेकंद, सेट संपल्यावर 120. टेनिसपटूचा दम कामाला येतो तो इथे. टॉवेलकडे चालत जाताना, चेंडू निवडताना, तो टपटप आपटताना शरीर साठा भरत असतं. ज्याची भरण्याची ताकद जास्त, तो चौथ्या तासालाही पहिल्या तासासारखा सुटतो. हॉपमन यांचं पळवणं फळलं ते बहुधा यामुळे.

बाकी मोजमापंही याच बाजूची आहेत. अव्वल पुरुषांच्या टेनिसमध्ये साधारण 70 टक्के पॉइंट चार फटक्यांच्या आत संपतात. क्ले, म्हणजे मातीच्या, कोर्टवर प्रत्यक्ष खेळ एकूण वेळेच्या 20 ते 30 टक्के भरतो, वेगवान कोर्टवर त्याहूनही कमी. एका पॉइंटला खेळाडू सरासरी दहा-बारा मीटरच पळतो. घड्याळातले तास आणि पायाखालचं अंतर यांचा मेळ लागेलच असं नाही. 2010 मध्ये विम्बल्डनला इस्नर आणि माहू तीन दिवसांत 11 तास 5 मिनिटं खेळले, पाचव्या सेटला तिथे तेव्हा टायब्रेक नसल्याने तो 70-68 असा संपला, पण त्यात मोठ्या रॅली, म्हणजे फटक्यांची लांब देवाणघेवाण, कमी आणि न परतणाऱ्या सर्व्हिस जास्त होत्या. याउलट 2012 च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात जोकोविच आणि नदाल 5 तास 53 मिनिटं एकमेकांना अक्षरशः कोपऱ्या-कोपऱ्यांत हाकलत होते. बक्षीस समारंभात दोघांना उभं राहवेना, म्हणून खुर्च्या आणून द्याव्या लागल्या.

गवताच्या काळापासून इथवर येताना खेळाचं रूपच पालटलं होतं. अमेरिकन ओपन 1978 पासून हार्ड, म्हणजे टणक पृष्ठभागाच्या, कोर्टवर गेली, ऑस्ट्रेलियन ओपन 1988 मध्ये. ग्रॅफाइटच्या रॅकेट आल्या, पुढे पॉलिएस्टरच्या तारा आल्या, बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, कितीही जोरात मारलं तरी चेंडू आत पडू लागला. नेटकडे धावणं महाग झालं आणि आडवं पळणं वाढलं. त्याच सुमारास मार्टिना नवरातिलोवाने बास्केटबॉलपटू नॅन्सी लीबरमनबरोबर सराव सुरू केला आणि शरीर बदलून दाखवलं. इव्हान लेंडलने आहार, सायकल आणि रोजचा व्यायाम यांचा हिशोब मांडला. 1984 च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात मॅकेन्रोकडे दोन सेटची आघाडी होती, तरी जिंकला लेंडल. आंद्रे आगासीने व्यायाम प्रशिक्षक गिल रेयेस यांना हाताशी धरलं. लास वेगासमध्ये एका चढावर वर पळायचं, खाली यायचं, पुन्हा पळायचं, हा त्यांचा ठरलेला व्यायाम. इथे पळणं आधीच तुकड्या-तुकड्यांत आलेलं दिसतं.

चाचण्याही त्याच दिशेने सरकल्या. केनेथ कूपर यांची बारा मिनिटं पळण्याची चाचणी 1968 मधली, सरळ पळायची. 1980 च्या दशकात कॅनडाहून 20 मीटर जा-ये करण्याची बीप टेस्ट आली. क्रिकेटमुळे सगळ्यांना माहीत झालेली यो-यो चाचणी त्याच घराण्यातली, फक्त तिच्यात मध्ये दहा सेकंदांची विश्रांती असते. टेनिसवाल्यांची आवडती कसरत म्हणजे स्पायडर. बेसलाइनच्या मध्यावर रॅकेट ठेवायची, पाच ठरलेल्या जागी पाच चेंडू आणि एकेक चेंडू उचलून रॅकेटवर आणून ठेवायचा. अंतर जेमतेम 55 मीटर. कोचने बघायची असते ती वळण्याची जागा. कच्चा खेळाडू चेंडूच्या पुढे दोन पावलं घसरतो, कमरेत वाकतो आणि सरळ होऊन मग फिरतो. पक्का खेळाडू शेवटची दोन पावलं आखूड टाकतो, गुडघ्यात बसतो, बाहेरचा पाय रोवतो आणि उठता उठताच परत निघालेला असतो. रंकाळ्याच्या फेरीत हे कुठेच शिकायला मिळत नाही.

म्हणून फेरी बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची छाती तयार व्हायला एका लयीतलं पळणं चांगलंच, आणि कॅरोलिन वोझ्नियाकीने तर 2014 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन 3 तास 26 मिनिटांत पूर्ण केली होती, तीही त्याच वर्षी अमेरिकन ओपनचा अंतिम सामना खेळून. अडचण तेव्हा होते, जेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूलाही तेवढंच दिलं जातं. पोलिस भरतीतसुद्धा 1600 मीटर आणि 100 मीटर वेगवेगळे मोजतात. टेनिसला लागतं ते या दोन्हींच्या मधलं: दहा मीटर सुटायचं, थांबायचं, पंचवीस सेकंदांत सावरायचं आणि हे दोनशे वेळा करायचं. त्यासाठी पन्हाळ्याच्या वाटेवरचा एखादा छोटा चढ आणि हातात घड्याळ असलेला कोच पुरतो.