जबाब नोंदवणारी माणसे: मानवी हक्क तपासनिसाच्या कामामागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसाला आयोग म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाराष्ट्र-म्हैसूर सीमाप्रश्नासाठी न्या. मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला आणि पुढच्या वर्षी अहवाल आला. २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला आणि बेळगाव शहर जिथे आहे तिथेच. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळे चौकशी म्हटली की आमच्याकडे डोळ्यांपुढे येतात त्या याद्या, नकाशे आणि टक्केवाऱ्या.

दक्षिण सुदान, काँगो, म्यानमार किंवा सीरियाच्या संदर्भात जे ‘मानवी हक्क तपासनीस’ काम करतात, त्यांचे काम निराळे. कोणी, कुणाला, कुठे, केव्हा मारले आणि हुकूम कुणाचा होता, हे एकेका माणसाकडून ऐकायचे आणि ते पुढे कुणालाही खोडून काढता येणार नाही अशा रीतीने नोंदवायचे. (सीमाप्रश्नाची युद्धाशी तुलना करण्याचा इथे हेतू नाही. दर १ जूनला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या हिंडलग्याच्या स्मारकावर जाणारा माणूसही ती करणार नाही.) हा पेशा तसा अलीकडचा आहे. पण त्याची मुळे शंभर-सव्वाशे वर्षे मागे जातात, आणि त्यातले एक मूळ आपल्याही देशात आहे.

सुरुवात बहुतेक जण काँगोपासून करतात. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने काँगो ही जणू खासगी मालमत्ता केली होती. रबराचा कोटा भरला नाही तर गावकऱ्यांना ओलीस धरणे, फटके मारणे, हात तोडणे असे प्रकार चालत. रॉजर केसमेंट हा ब्रिटिश वकिलातीचा अधिकारी १९०३ मध्ये नदीमार्गे आत गेला, लोकांच्या तोंडून हकिगती ऐकून त्याने त्या लिहून काढल्या. १९०४ मध्ये अहवाल छापताना लंडनच्या परराष्ट्र खात्याने माणसांची आणि गावांची नावे काढून त्या जागी अक्षरे घातली. केसमेंट भडकला. नावेच गेली तर वाचणारा विश्वास कशावर ठेवणार, हे त्याचे म्हणणे. उलट, छापलेल्या नावामुळे साक्षीदाराच्या घरावर उद्या कोण चालून येईल, हाही प्रश्न होताच. हा वाद आजतागायत मिटलेला नाही.

आता पंजाब. १३ एप्रिल १९१९ च्या जालियनवाला बागेनंतर सरकारने लॉर्ड हंटर यांची समिती नेमली. काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार टाकला आणि स्वतःची चौकशी सुरू केली. त्या समितीत गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले मुकुंदराव जयकर होते. पंजाबातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन त्यांनी १,७०० हून अधिक लोकांचे जबाब घेतले आणि त्यांतले सुमारे ६५० छापले. बाकीचे का गाळले, हा प्रश्न इथे महत्त्वाचा. ज्या विधानाबद्दल जराही शंका घेता येईल ते अहवालात येऊ द्यायचे नाही, असा दंडक ठेवल्याचे गांधींनी नंतर लिहिले आहे. राजकीय पक्षाने केलेली चौकशी आणि तरीही अतिशयोक्तीची भीती! आजच्या सत्यशोधन समित्यांनी एवढे तरी पथ्य पाळले तर पुष्कळ झाले.

सरकारी आकडा ३७९ मृतांचा. काँग्रेसच्या अहवालाला हजाराचा अंदाज फुगवलेला वाटला नाही. सरकारचा आकडा आणि लोकांचा आकडा यांतली ही दरी म्हणजेच या पेशाचे जन्मस्थान, असे माझे मत. मात्र हंटर समितीला नुसती मोडीत काढून चालणार नाही. १,६५० फैरी झाडल्या, वाट अरुंद नसती तर मशीनगनच्या गाड्याही आत नेल्या असत्या, हे जनरल डायरने त्याच समितीपुढे कबूल केले. पीडितांचे जबाब काँग्रेसकडे आले, आरोपीचा कबुलीजबाब सरकारी समितीकडे. दोन्ही एकत्र ठेवले तरच चित्र पुरे होते.

काँग्रेसच्या समितीचे काम संपल्यावर चार-पाच वर्षांतच, डिसेंबर १९२४ मध्ये, गांधी बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले. गंगाधरराव देशपांड्यांनी भरवलेले ते अधिवेशन. टिळकवाडीची काँग्रेस विहीर त्याचीच. त्या आठवणींत चरखा येतो, स्वच्छता येते. पंजाबात जबाब तपासत बसलेला बॅरिस्टर फारसा येत नाही.

मधला काळ भरभर ओलांडू. न्यूरेंबर्गच्या खटल्यात जर्मनांची स्वतःची कागदपत्रे बोलली, १९४८ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा आला, १९६१ मध्ये अ‍ॅम्नेस्टी ही मानवी हक्क संघटना. १९७५ मध्ये चिलीतल्या लष्करी राजवटीच्या तपासासाठी संयुक्त राष्ट्रांनी खास कार्यगट नेमला. अर्जेंटिनात १९८४ पासून तरुण मानववंशशास्त्रज्ञांनी बेपत्ता माणसांच्या कबरी शास्त्रशुद्ध पद्धतीने उकरायला सुरुवात केली.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमधल्या एल मोझोते गावापाशी मात्र थांबायला हवे. डिसेंबर १९८१ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, तिथे लष्कराने शेकडो गावकरी मारले. वाचलेल्या रुफिना अमाया या बाईने काय घडले ते जगाला सांगितले. पण त्या देशाच्या सरकारने ते नाकारले आणि त्याला पैसा व शस्त्रे पुरवणाऱ्या अमेरिकेनेही. तिचे बोलणे दहा वर्षे प्रचार म्हणून झटकले गेले. १९९२ मध्ये अर्जेंटिनाचीच मंडळी तिथे पोचली आणि चर्चला लागून असलेली एकच इमारत उकरली. १४३ सांगाडे निघाले. त्यांतले १३१ बारा वर्षांखालच्या मुलांचे. २४५ रिकामी काडतुसे मिळाली, त्यांतल्या वाचता येण्याजोग्या शिक्क्यांपैकी जवळपास सगळे अमेरिकी सरकारच्या कारखान्यातले. या युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल १५ मार्च १९९३ ला आला आणि पाचच दिवसांत तिथल्या संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा केला. तो रद्द व्हायला २०१६ उजाडले. याच देशात १९९१ मध्ये, युद्धबंदीच्याही आधी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांवर देखरेख ठेवणारे मोठे पथक उतरवले होते. पुढच्या शांतता मोहिमांत दिसणारा बिगरलष्करी मानवी हक्क अधिकारी हा तिथूनचा. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने इथे शांतिसेना म्हटले की जवान आठवतो. हा अधिकारी गणवेशात नसतो आणि त्याच्याकडे बंदूकही नसते.

पंजाब पुन्हा एकदा या इतिहासात येतो. १९९० च्या दशकात अमृतसरचे मानवी हक्क कार्यकर्ते जसवंतसिंग खालडा, पोलिसांनी उचललेल्या बेपत्ता माणसांचा माग काढत, स्मशानांच्या वह्या चाळू लागले. बेवारस म्हणून आणलेल्या प्रेतांसाठी किती लाकूड दिले, हे त्या वह्यांत लिहिलेले होते. पोलिसांनी ‘चकमकी’ लपवल्या असतील, पण लाकडाचा खर्च लपवायचे कुणाला सुचले नव्हते. सप्टेंबर १९९५ मध्ये खालडांना घरापासून उचलून नेले आणि नंतर ठार मारले. त्यांच्या खुनासाठी पोलिसांना जन्मठेप झाली. सीबीआयच्या तपासात फक्त अमृतसर भागातल्या तीन स्मशानांत २,०९७ बेकायदा दहने निघाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले. १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या आयोगाला एरवी लष्कराविरुद्धची तक्रार आली की केंद्राकडून अहवाल मागवण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही, आणि वर्ष उलटलेली घटना तो घेत नाही. बेपत्ता माणसाच्या घरच्यांना पहिले वर्ष पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्यातच जाते.

जबाब घ्यायची पद्धतही अशाच ठेचा खात ठरत गेली. संशयास्पद मृत्यूच्या तपासासाठी मिनेसोटा नियमावली १९९१ ची, छळाच्या खुणांसाठी इस्तंबूल नियमावली १९९९ ची. साक्षीदाराला हे कशासाठी चालले आहे ते आधी सांगायचे, नाव कुठे वापरायचे ते त्याला विचारायचे, नको म्हणाला तर उठायचे. जबाब त्याच्याच भाषेत वाचून दाखवायचा. सीमाभागातल्या माणसाला हे कलम पटकन पटेल. वाचता न येणाऱ्या लिपीतला उतारा किंवा नोटीस हातात घेऊन खाली सही करायची म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते.

म्हणून या कामात दुभाष्या तपासनिसाइतकाच महत्त्वाचा, आणि त्याच्याहून उघड्यावर. मार्च २०१७ मध्ये काँगोच्या कसाई भागात संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ मायकेल शार्प आणि झैदा कातालान यांची हत्या झाली. दोन आठवड्यांनी त्यांचे मृतदेह मिळाले. त्यांच्याबरोबर गेलेला स्थानिक दुभाष्या आणि मोटरसायकलवाले बेपत्ताच झाले. बातम्यांचे मथळे दोन परदेशी माणसांचे होते.

आता कित्येक देश तपासनिसांना हद्दीतच येऊ देत नाहीत. सीरियासाठी ऑगस्ट २०११ मध्ये नेमलेल्या आयोगाने बरीच वर्षे शेजारच्या देशांतल्या निर्वासितांकडून आणि फोनवरून हकिगती गोळा केल्या. म्यानमारनेही २०१७ च्या सत्यशोधन पथकाला व्हिसा दिला नाही, तेव्हा त्याने बाहेर राहून ८७५ मुलाखती घेतल्या. मोबाईलवरचे व्हिडिओ आणि उपग्रहांची छायाचित्रे कशी पडताळायची यासाठी २०२० मध्ये बर्कली नियमावली आली. अशा आयोगांची कसोटी ‘विश्वास ठेवायला वाजवी आधार’ एवढीच असते. ती फौजदारी खटल्यातल्या पुराव्याहून कमी, त्यामुळे त्यांच्या अहवालाने कुणी तुरुंगात जात नाही. जेलपर्यंतचे अंतर तोडायला अभियोक्ता लागतो. जर्मनीतल्या कोब्लेन्झच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सीरियाच्या अन्वर रस्लान या माजी गुप्तचर अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. तिथे साक्ष द्यायला उभे राहिलेले बरेच लोक युरोपात आश्रयाला आलेले त्याच्याच तुरुंगातले कैदी होते, आणि काहींनी सीरियात राहिलेल्या नातेवाइकांच्या भीतीने नाव न देता साक्ष दिली.