पोटातला केसांचा गोळा आणि केसांकडे जाणारा हात

'बेझोअर' हा शब्द मूळचा फारसी 'पादजहर', म्हणजे विषावरचा उतारा. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातले खडे एकेकाळी या समजुतीपोटी मोठ्या किमतीला विकले जात. स्वतःचे केस उपटून गिळल्याने माणसाच्या पोटात केसांचा गोळा होतो तेव्हा त्यालाही डॉक्टर बेझोअरच म्हणतात, ट्रायकोबेझोअर ('ट्रायको' म्हणजे केस); पण तिथे तो उतारा नसतो, दुखणं असतं.

केस केराटिन या चिवट प्रथिनाचा असतो आणि जठरातले पाचकरस त्याला विरघळवू शकत नाहीत. त्यातून तो गुळगुळीत. जठर आकुंचन पावतं तेव्हा अन्न पुढे सरकतं, केस मात्र आतल्या वळ्यांमध्ये अडकून राहतो. त्यात दुसरा गुंततो, मग तिसरा. अन्नकण आणि चिकट स्राव मिसळतात, आणि काही वर्षांत गोळा थेट जठराच्या आकाराचा होतो. तोवर पोट लगेच भरल्यासारखं वाटणं, उलट्या, घटतं वजन, रक्तक्षय यांवर वेगवेगळे उपचार चालू असतात. केस खाल्ल्याचं रुग्ण शरमेने सांगत नाही. बहुतेक रुग्ण मुली आणि तरुण स्त्रिया असतात.

तरी १७७९ साली बोदामाँ यांनी केलेली पहिली वैद्यकीय नोंद १६ वर्षांच्या मुलाची आहे. शस्त्रक्रियेने असा गोळा पहिल्यांदा काढला तो १८८३ मध्ये, शोनबॉर्न यांनी. त्यानंतर सहाच वर्षांनी फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलोपो यांनी केस उपटण्याच्या अनावर ओढीला 'ट्रायकोटिलोमेनिया' हे नाव दिलं. गोळा सर्जनकडे, टक्कल त्वचारोगतज्ज्ञाकडे. मला या इतिहासात सर्वांत खटकते ती ही फाटाफूट.

१९६८ मध्ये गोळ्याची शेपटी जठरातून लहान आतड्यात उतरल्याच्या रुग्णांचं वर्णन झालं आणि लांब केसांच्या परीकथेतल्या मुलीवरून त्याला 'रॅपन्झेल सिंड्रोम' म्हटलं गेलं. नाव गोंडस आहे, आजार नाही: ही शेपटी आतडं बंद करते, कधी त्याला भोकही पाडते.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात केस उपटणं १९८७ मध्ये आलं. २०१३ पासून ते मंत्रचळाशी (ओसीडी) संबंधित विकारांत धरलं जातं. केस उपटणाऱ्यांपैकी थोडेच ते गिळतात आणि त्यांतल्याही थोड्यांनाच गोळा होतो. पण ज्यांना होतो, त्यांचं पोट उघडून गोळा काढल्यावर केसांकडे जाणारा हात तसाच राहिला तर गोळा पुन्हा तयार होतो. त्या हातासाठीचा उपचार ॲझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच मांडला होता: हात केसांकडे जातोय हे ओळखायचं आणि त्या क्षणी मूठ घट्ट आवळून धरायची.