जुन्या मोटारीच्या मॅनिफोल्डला नवा एक्झॉस्ट पाइप बसवताना : ग्राहकांसाठी माहिती

आपली फियाट, प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसेडर किंवा त्याहूनही जुनी मोटार नवा एक्झॉस्ट पाइप बसवण्यासाठी आमच्या कार्यशाळेत आणण्यापूर्वी हे पत्रक कृपया वाचावे. हे काम तासाभरात का उरकत नाही आणि पाइपाला हात लावण्याआधी आम्ही इंजिनाखालची रबरे का तपासतो, हे त्यात सांगितले आहे.

जुना पाइप बहुधा दोन कारणांनी जातो. पहिले कारण गंज. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. गाडी पुरेशी तापली तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते, पण कॉलेज रोडवरून पंचवटीपर्यंतच्या छोट्या फेरीत सायलेन्सर तापतच नाही आणि आम्लयुक्त पाणी त्याच्या तळाशी साचून पत्रा आतून खात राहते. आठवडाभर उभी असलेली मोटार रविवारी पाच मिनिटे जागेवरच सुरू करून बंद करण्याची सवय याच कारणाने वाईट आहे. सुरू केलीच, तर अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी.

दुसरे कारण ताण, आणि आमच्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे. इंजिन आपल्या फाउंडेशनच्या रबरांवर सतत डुलत असते, तर पाइपाचा मागचा भाग गाडीच्या सांगाड्याला टांगलेला असतो. म्हणून पुढचा पाइप गिअरबॉक्सजवळच्या पट्टीने इंजिनाशी बांधलेला असतो, म्हणजे दोघे एकत्र हलतात आणि उरलेली हालचाल मागची हँगरची रबरे सोसतात. फाउंडेशनची रबरे दबली की इंजिन खाली बसते आणि मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाचे) तोंड पाइपाच्या फ्लँजसमोर (टोकाच्या जोडचकतीसमोर) येत नाही. अशा वेळी नट आवळून पाइप जबरदस्तीने ओढून घेतला, तर त्या दिवशी सांधा बंद झाल्यासारखा वाटतो, परंतु तो सगळा ताण बिडाच्या मॅनिफोल्डवर आणि स्टडवर (ज्यांवर नट बसतात त्या आट्यांच्या दांड्यांवर) येतो. बीड दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही, ते तडकते. पाइप आपल्याकडे नव्याने घडवता येतो, मात्र पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ झाला आणि उत्तरपाड्यातील ॲम्बॅसेडरचे २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे चांगला मॅनिफोल्ड मिळवणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. म्हणूनच रबरे खराब असतील तर ती बदलल्याशिवाय आम्ही नवा पाइप बसवत नाही. काही ग्राहकांना हा वाढीव खर्च वाटतो, पण मॅनिफोल्ड वाचवण्याचा याहून स्वस्त मार्ग आम्हांला माहीत नाही.

जुने नट आणि स्टड

कामातला सर्वांत नाजूक भाग जुने नट सोडवण्याचा आहे. वर्षानुवर्षे तापून गार झालेला नट स्टडशी एकजीव झालेला असतो. त्यावर गंज सैल करणारे तेल आदल्या दिवशी सोडावे लागते, दुसऱ्या दिवशी गॅसच्या ज्योतीने केवळ नट तापवावा लागतो आणि मग पाना थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवत तो बाहेर काढावा लागतो. म्हणून गाडी किमान एक रात्र आमच्याकडे ठेवावी, अशी विनंती आहे. एवढी काळजी घेऊनही स्टड तुटला, तर त्याच्या नेमक्या मध्यावर छिद्र पाडून, उरलेला तुकडा काढून आटे पुन्हा साफ करावे लागतात. या कामाची आकारणी वेगळी असते आणि ती आम्ही आधी लेखी कळवतो. ॲम्बॅसेडरच्या जुन्या इंजिनाला इंची आटे आहेत, तर फियाटला मिलिमीटरचे. हाताशी आहे तो बोल्ट कसाबसा घुसवल्यामुळे खराब झालेले आटे आमच्याकडे वरचेवर येतात. नवे नट आम्ही पितळेचे वापरतो, कारण ते पोलादी स्टडवर जाम होत नाहीत आणि पुढच्या वेळी विनासायास सुटतात.

यानंतर मॅनिफोल्डचे तोंड सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून तपासले जाते. ते वाकलेले असल्यास घासून सपाट करावे लागते, कारण गॅस्केट (सांधा गळू नये म्हणून मध्ये घालायचा थर) कितीही चांगले असले तरी वाकडेपणा भरून काढत नाही. एकदा दबलेले गॅस्केट पुन्हा वापरू नये. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे ते कोरडे खरवडू नये. आम्ही ते ओले करूनच काढतो.

नवा पाइप बसवताना सुरुवातीला सर्व सांधे सैलच ठेवतो. पाइप आपल्या वजनाने आपल्या जागी लटकला आणि ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, तळाचा पत्रा या सगळ्यांपासून तो दूर आहे याची खात्री झाली, की मगच मॅनिफोल्डचे नट आलटून पालटून आवळतो, त्यानंतर गिअरबॉक्सची पट्टी आणि शेवटी मागचे क्लँप. हाताने ढकलल्याशिवाय फ्लँज समोर येत नसेल, तर पाइप पुन्हा वाकवला जातो. नट आवळून तो जागेवर आणला जात नाही. मापासाठी जुना पाइप, कितीही कुजलेला असला तरी, सोबत आणावा.

पाइपाचा व्यास मूळचाच ठेवावा. मोठ्या पाइपाने या इंजिनांची ताकद वाढत नाही, केवळ आवाज वाढतो, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. साध्या पोलादी पाइपाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्यास आम्ही नकार देतो, कारण पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि पाइप आतून-बाहेरून एकदमच कुजतो. ३०४ प्रतीचे स्टेनलेस पोलाद महाग पडते, पण ज्यांना गाडी पुढच्या पिढीकडे सोपवायची आहे त्यांनी तेच घ्यावे. मात्र ते साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणून हँगरची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते.

गाडी घरी नेल्यावर

पहिल्या फेरीत थोडा धूर व जळका वास येतो. तो तेलाचा असतो आणि लवकरच थांबतो. त्यानंतरही फुसफुस आवाज येत असेल किंवा फ्लँजभोवती काजळी दिसत असेल, तर गाडी चालवू नये. ॲम्बॅसेडरमध्ये कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला असल्यामुळे तिथे गळणारा उष्ण वायू पेट्रोल तापवतो. त्याहून गंभीर बाब कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची आहे: त्याला रंग नाही, वास नाही, आणि बॉनेटखालून फटींवाटे तो केबिनमध्ये शिरू शकतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे याच कारणाने पूर्णपणे टाळावे.

कसारा घाट चढून आल्यानंतर तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी मारू नये, बीड तडकते. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सांधे थोडे बसतात, त्यामुळे गाडी एकदा फेरआवळणीसाठी आणावी. ती इंजिन पूर्ण गार असतानाच करायची असल्याने गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवल्यास काम सकाळी लगेच होते, आणि त्याचे पैसे आकारले जात नाहीत.