२५ मीटरवरची नंबरप्लेट

चाळिशी ओलांडल्यावर लायसन्स रिन्यू करायचं म्हटलं की नाशिककराला आरटीओच्या अर्जासोबत डॉक्टरचा दाखला, म्हणजे फॉर्म वन-ए, जोडावा लागतो. त्यात एक जुना प्रश्न आहे: चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास चष्म्यासकट, २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? पंचवटीतला दवाखाना दहा बाय दहाचा. तिथे २५ मीटर आणायचे कुठून? मग भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचून घेतात.

तक्ता खरं तर जास्त जुना. स्नेलेन या डच डॉक्टरांनी तो १८६२ मध्ये काढला. ब्रिटनमध्ये १९३५ साली ड्रायव्हिंग टेस्ट सक्तीची झाली, तेव्हा परीक्षक उमेदवाराला २५ यार्डांवरच्या गाडीचा नंबर वाचायला लावत. या परीक्षेला रस्ता आणि उभी गाडी एवढंच पुरतं. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हीच रीत आहे, फक्त यार्डांचे मीटर झाले. अंतर त्यामुळे दोनेक मीटरने वाढलं, याकडे कोण बघतो!

लाल-हिरवा रंग ओळखण्याची तपासणी मात्र रेल्वेतून आली. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन आगगाड्या धडकल्या. होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञांनी रंगांधळेपणावर बोट ठेवलं आणि रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला लावून कर्मचाऱ्यांची परीक्षा सुरू केली. इगतपुरी-मनमाडच्या लोको पायलटांच्या घरांत आजही डोळ्यांच्या मेडिकलचा धसका असतो. रस्त्यावरच्या सिग्नलला लाल दिवा वर असतो, त्यामुळे रंग नीट कळला नाही तरी जागा कळते. तरीही सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्सचा मार्ग मोकळा व्हायला २०२० उजाडलं.

मुदतीची कथा वेगळीच. १९८८ च्या कायद्यात खासगी लायसन्स २० वर्षं किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत चाले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासमध्ये १० वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत आणि पुढे दर ५ वर्षांनी. खासगी गाडीवाल्याला डॉक्टर लवकर गाठावा लागतो, हे चांगलंच झालं. पण याच दुरुस्तीने ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत ३ वर्षांवरून ५ केली. पिंपळगावचा कांदा-द्राक्षं भरून रात्री कसारा घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरची नजर आधीपेक्षा उशिरा तपासली जाते, हे मला उलटं वाटतं. त्यातून नंबरप्लेटची अट दिवसाच्या उजेडातली. समोरच्या हेडलाइटने डोळे दिपतात त्याचं माप तिच्यात नाही, आणि रातांधळेपणाबद्दल फॉर्म वन या स्वयंघोषणापत्रात अर्जदाराने स्वतःच हो किंवा नाही लिहायचं असतं.